दुरुस्तीचा अर्ज

दादाला कुणी फसवलं तर त्याला फारसा राग येत नसे. पण आपल्याकडून कुणी फसलं तर त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. एकदा जुनी पासबुकं चाळताना तीन वर्षांपूर्वी जमा झालेला एक चेक त्याला दिसला आणि त्याचं चित्त उडालं. एका वृद्धाश्रमासाठी त्याने एकदम चाळीस कवळ्या करून दिल्या होत्या. त्याचे पैसे त्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवलेच नव्हते. बहिणीला सांगायचं तो साफ विसरला होता.

बहीण म्हणजे चिमी. करसल्लागार. वडील लवकर गेले, तेव्हा मेणात दात रोवून आणि पॉलिशची धूळ गिळून दादानेच तिला शिकवलं. त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. आता तिच्या ऑफिसात काचेचं टेबल होतं. दरवर्षी ती कराचा आकडा सांगायची, दादा तेवढे पैसे तिच्या हातात द्यायचा आणि ती बोट ठेवील तिथे सही करायचा.

"सोडून दे," चिमी म्हणाली. "तीन वर्षं झाली त्याला. कोण बघतंय?"

"पण दुरुस्त करता येतं ना?"

"येतं की. आणि दुरुस्त केलं की फाइल उघडते. आपल्या पायांनी जायचं आणि 'या, माझी तपासणी करा' म्हणायचं. एवढा शहाणा कधी झालास?"

"स्वतःहून चूक सांगणाऱ्याला कशाला धरतील?"

"दादा, तुला दातांतलं कळतं. हे माझ्यावर सोड." आवाज गोड होता, पण चहा ढवळणारा तिचा हात थांबला होता.

दादाने आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी तिला न सांगता तो करकार्यालयात गेला. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दिला, त्यात फक्त राहिलेली रक्कम लिहायची होती. फरकाचा कर व्याजासकट भरून तो शीळ घालत घरी आला.

दोन महिन्यांनी तपासणीची नोटीस आली. चिमी तरातरा त्याच्या वर्कशॉपमध्ये शिरली.

"केलीस ना शेवटी माती! आता तिथे तू तोंड उघडायचं नाहीस. मी बोलेन."

अधिकारी हडकुळा होता आणि त्याला सर्दी झाली होती. त्याने चाळीस कवळ्यांचा हिशेब तपासला, "हे बरोबर आहे" म्हणाला, आणि पान उलटलं.

"आईंची तब्येत कशी आहे आता?"

"कुणाच्या?" दादाने विचारलं.

"तुमच्या. डायलिसिस चालू आहे ना? चार वर्षं त्या खर्चाची सूट घेताय. त्यामुळे कर जवळजवळ शून्य."

"माझी आई सात वर्षांपूर्वी गेली, साहेब. आणि कर तर मी..."

दादा बोलता बोलता थांबला. दरवर्षी हातात ठेवलेले पैसे कुठे गेले ते त्याला एका क्षणात उमगलं. त्याने चिमीकडे पाहिलं. ती अधिकाऱ्याकडे पाहत होती.

"बिलं यांनीच आणून दिली होती," ती शांतपणे म्हणाली. "आई जिवंत आहे असंच सांगायचे."

"तुम्ही यांच्या कोण?"

"सल्लागार. दादा म्हणते, पण यांना सगळेच दादा म्हणतात." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "एकटे असतात. आईच्या जाण्याने डोक्यावर परिणाम झालाय. कधी आहे म्हणतात, कधी गेली म्हणतात."

अधिकाऱ्याने नाक पुसलं. "उद्या मृत्यूचा दाखला घेऊन या."

बाहेर व्हरांड्यात चिमीने दादाचं मनगट धरलं. "दाखला हरवला म्हण. दंड मी भरीन. माझं लायसन गेलं तर आमचा संसार उघड्यावर येईल. तुझं काय? तू एकटा जीव. तुला लागतं काय?"

तिने हात जोडले असते तर दादा विरघळला असता. 'सख्खा भाऊ आहेस' एवढं म्हणाली असती तरी त्याने दाखला जाळून टाकला असता. पण त्या 'तुझं काय'ने त्याच्या आत काहीतरी कायमचं थंड झालं. मनगट सोडवून घेत तो जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी त्याने दाखला टेबलावर ठेवला. खबर देणाऱ्याच्या रकान्यात चिमीची सही होती. नातं: मुलगी. अधिकाऱ्याने तो कागद फाइलमधल्या, सल्लागार म्हणून केलेल्या तिच्या सह्यांशेजारी सरकवला आणि ताडून पाहिला.

"दादा," चिमी म्हणाली. तो खिडकीबाहेर पाहत होता.

निघताना त्याने अधिकाऱ्याला विचारलं, "मी दुरुस्ती केली नसती तर?"

"तर कदाचित काहीच झालं नसतं. एवढ्याशा दुरुस्तीसाठी कुणाला धरत नाहीत हो. पण हे अर्ज आमच्याकडे माणूस वाचतो. आणि माणूस मागचं पानही उलटून बघतो."

चिमीचं लायसन रद्द झालं. दादाला वाटलं होतं, खरं बोललो म्हणून आपण सुटू. पण सह्या त्याच्या होत्या. चार वर्षांचा कर, व्याज, दंड, सगळं त्याच्याच बोकांडी बसलं. त्याने पॉलिशचं मशीन विकलं, साचे विकले, वर्कशॉपच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात दिल्या, आणि साठीला टेकलेला तो माणूस एका मोठ्या लॅबमध्ये पगारावर लागला. तिथली पोरगेलीशी मुकादम त्याच्या कवळ्या उजेडात धरून खोट काढायची. तो मान खाली घालून ऐकायचा.

नातेवाइकांत चिमीने सांगून ठेवलं होतं, की भावाला बहिणीचं बरं बघवलं नाही. दादाला कुणी विचारायलाही आलं नाही.

एका दुपारी लॅबसमोरच्या रस्त्यावरून चिमी आणि तिचा नवरा येताना दिसले. मेहुण्याने ओळखीचा हात अर्धा वर केला. चिमीने चालता चालताच तो धरून खाली घेतला, आणि दोघं तशीच पुढे गेली.