शाळेच्या पायरीवरची ओटी

सायखेड्यात पुराचा अंदाज एस.टी.च्या कंडक्टरवर चालायचा. नाशिकहून पहिली गाडी आली की तो सांगणार, तिथल्या नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलंय. छातीला लागलं तर गाव सामान हलवणार, गुडघ्याला असलं तर निवांत. दारणा नाशिकच्या खाली येऊन आमच्या गंगेला मिळते, तिचा पूर त्या मारुतीला कळणारच नाही, हे शाळेत फळ्यावर नद्या काढून मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. मुलांना पटलं. मोठी माणसं हसली, आणि सगळ्यांत जास्त माझ्या सासूबाई, धोंडाबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

मग मी मुलांनाच पढवलं. घंटा न थांबता वाजली की टेकाडावरच्या शाळेत यायचं, कोणासाठीही माघारी वळायचं नाही. दर शनिवारी सराव घ्यायचे.

सत्त्याहत्तरच्या श्रावणात एका सकाळी कंडक्टरने गुडघे सांगितले. बायका खण-नारळ घेऊन गंगेची ओटी भरायला निघाल्या, आत्याबाई सर्वांच्या पुढे. पण दारणेच्या अंगाला आभाळ काळंकुट्ट होतं आणि शाळेतून दिसणारं पाणी बघता बघता चढत होतं. मी घंटेवर हातोडी मारत सुटले.

मुलं आली. त्यांच्या मागे धापा टाकत आया आल्या, ओटीचं सामान तसंच हातात. आत्याबाई नव्हत्या.

मी हातोडी टाकून पायऱ्या उतरू लागले. चौथीतली लंका आडवी आली.

"बाई, माघारी वळायचं नाही ना?"

तिला एक ठेवून द्यावीशी वाटली, इतकी मी भ्याले होते. पण सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी उतरले असते तर तीही आपापल्या माणसांसाठी उतरली असती. मी परत वर गेले आणि रडत घंटा बडवली. हाताची सालटी निघाली.

आत्याबाई आल्या त्या कमरेपर्यंत भिजून. त्यांनी सगळ्यांत खालच्या पायरीवर खण-नारळ मांडला, हळदकुंकू वाहिलं.

"घाटावर उभं ऱ्हायला जागा नाय," त्या म्हणाल्या. "हितंच येईल ती घ्यायला."

माझा हात आपोआप थांबला होता. पाणी रस्ता ओलांडून पायरीपाशी आलं. नारळ जरासा हलला, मग तरंगत निघाला. आत्याबाईंनी वर पाहिलं.

"थांबू नको, विमल. खालच्या आळीतलं अजून कुणी आलं नाय."