विहिरीत टांगलेला सांत आंतोन

सांत आंतोनच्या मूर्तीला मी विहिरीत उलटं टांगलं आणि बजावलं, "झेल्माला मुलगा होऊ दे, ऑपरेशनशिवाय होऊ दे. मगच तुला वर काढीन."

आमच्याकडच्या हट्टी बाया असंच करतात. अडलेलं लग्न म्हणू नका, हरवलेली बांगडी म्हणू नका, सगळं त्याच्याकडून असंच वसूल. माझ्या लेकीची दोन बाळं पोटातच गेली होती. आता तिसऱ्या खेपेला मी नुसते हात जोडून बसू?

नवरा हसायचा. "केरुबिना, ही प्रार्थना की धमकी?"

"तू गप्प बस, झेफेरिन. पोटात वागवायचं तुला नाही."

शनिवारी दुपारी मी बांगड्याचं हुमण, माशाचं कालवण, ढवळत होते आणि जावयाचा, अनाक्लेतचा फोन आला. "माई, बाळ पायाळू आहे, डोकं वर! ठोके कमी होतायत. लगेच ऑपरेशन करणार."

डोकं वर! आणि इथे मी संताचंच डोकं खाली करून ठेवलेलं! हातातला डाव टाकून विहिरीकडे धावले, भराभर दोर ओढला. निथळणारी मूर्ती झग्याने पुसली, सरळ उभी केली. "चुकले रे बाबा," म्हटलं. पुढे नेहमीची यादी सांगायला तोंड उघडलं, पण ती तशीच गिळून मूर्ती काठावर ठेवली आणि वळले.

"अगो, बस लवकर!" झेफेरिन स्कूटर सुरू करून ओरडत होता.

वाटेत त्यानेच 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना सुरू केली, वाऱ्यावर ओरडून. मीही मागून ओरडू लागले. 'तुझी इच्छा पूर्ण होवो' आलं आणि मी मध्येच थांबले. ही ओळ मी जन्मभर घाईघाईने उरकत आले होते, पुढची 'रोजची भाकर दे' ही मागणी गाठायला. आणि देवाची इच्छा वेगळीच असली तर? माझी झेल्मा?

"म्हण गो!" झेफेरिन ओरडला.

म्हटलं. रडत, मोठ्याने, एकही अट न घालता. भीती गेली नाही, पण लेक आता माझ्या एकटीच्या हातात नव्हती. केवढं हलकं वाटलं! "पळव रे स्कूटर!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

इस्पितळाच्या जिन्यातच अनाक्लेत धावत आला. "माई, रडलं! बाळ रडलं! झेल्मा बरी आहे!"

मी त्याला मिठी मारून तिथेच गरागरा फिरवलं. परिचारिका डाफरली, "ओ बाई, हे इस्पितळ आहे, लग्नाचा मांडव नव्हे!" पण हसत हसत तिनेच गाठोडं माझ्या हातात दिलं. "घ्या, नात."

"माझी नात!" मी अशी किंचाळले की पलीकडच्या खोलीतले लोक बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी पाळण्यापाशी झेफेरिनने हळूच विचारलं, "अगो, तू तर मुलगा मागितला होतास ना?"

शपथ सांगते, मी साफ विसरले होते.