मागच्या पिढीचा प्रोसेसर

मी वाळूजच्या एका कारखान्यातील सर्व्हरचा प्रोसेसर बोलतो आहे. थोडक्यातच सांगेन. पाल्हाळ मला मानवत नाही.

माझा जन्म वाळूतून झाला. दूरदेशी कोणी ती वितळवली, गाळली, तिची आरशासारखी चकती केली आणि त्या चकतीवर प्रकाशाने रेघा कोरल्या. जन्माचा मला अभिमान नाही, लाजही नाही. जन्म देणारा वेगळा असतो. वाट्याला आलेल्या कामी खरे उतरणे, एवढेच आपल्या हाती असते.

माझ्यात आठ कोअर आहेत. कोअर म्हणजे काम करणारा हात समजा. मी बाजारात आलो आणि वर्षभरातच माझ्या कुळातली नवी पिढी निघाली. तिच्या एकेका तुकड्यात चौसष्ट हात. मग मला कोण विचारणार? शहरात, औरंगपुऱ्यात, सोमनाथच्या संगणकांच्या दुकानात मी खोक्यात पडून राहिलो. गिऱ्हाईक येई, खोक्यावरचा आकडा वाची आणि मला परत फळीवर ठेवी. माणसे मोठ्या आकड्यापुढे हात जोडतात. आकडा कशाचा, हे विचारणे त्यांना कमीपणाचे वाटते.

एके दिवशी सुदर्शनराव आले. घर सोयगावचे, शेतीवाडीचे. वाळूजला त्यांचा दुचाकींचे ब्रेक लिव्हर बनवण्याचा कारखाना. तेथे प्रत्येक लिव्हर मोजला जातो. त्याचे पोलाद कोणते, तो कोणत्या भट्टीतून निघाला, कोणत्या पेटीतून कोठे गेला, हे सारे डेटाबेसमध्ये राहते. कित्येक वर्षांच्या त्या नोंदींनी जुना सर्व्हर वाकला होता. एक प्रश्न विचारावा, चहा घेऊन यावे, तरी उत्तर नसे.

"साहेब, घ्यायचं तर हेच घ्या," सोमनाथ म्हणाला. "चौसष्ट कोअर! अख्ख्या वाळूजमध्ये कुणाकडं नाय."

सुदर्शनरावांचा चेहरा उजळला. पण कारखान्याचे संगणक पाहणारी तनुजा त्यांच्यासोबत होती.

"सोमनाथदादा, आमचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर कोअर मोजून भाडं घेतं," ती म्हणाली. "चौसष्ट हातांचं भाडं दरसाल कोण भरणार?"

"अगं, पण काम तेवढं लवकर उरकंल ना?" सुदर्शनरावांनी विचारले.

"नाय साहेब. लग्नात चौसष्ट आचारी उभे केले अन् कोठीतून सामान आणणारा गडी एकच, तर पंगत वेळेवर बसंल का? आपला एकेक प्रश्न एकेका हातानंच सुटतो. तो हात चपळ पाहिजे, अन् सामान जवळ पाहिजे. आठ चपळ हात घेऊ. वाचलेल्या पैशातून मेमरी, म्हंजी हाताजवळची कोठी, वाढवू."

"ताई, साहेबांच्या गळ्यात जुना माल बांधताय व्हय?" सोमनाथ हसला.

"जुना नाय, मागच्या पिढीचा. तुमचे वडील बी मागच्याच पिढीचे. पण गल्ल्यावर तर तेच बसलेत की!"

गल्ल्यावरचे म्हातारबाबा खोकल्याचे निमित्त करून हसले.

तनुजा नुसती बोलून थांबली नाही. तिने कारखान्याच्याच नोंदींचा एक मोठा भाग सोबत आणला होता. तो आम्हा दोघांपुढे ठेवून तिने मला आणि चौसष्ट हातांच्या त्या भावाला तेच ते रोजचे प्रश्न विचारले. मी कोठेही मागे पडलो नाही. बहुतेक ठिकाणी थोडा पुढेच होतो. माझ्या मते निवडीची रीत ही एवढीच: आपले काम समोर ठेवावे आणि मग पारखावे.

सुदर्शनरावांनी मान डोलावली, पण मनापासून नव्हे. "ऐक तनुजा. हे उलटलं, तर इथून पुढं सोमनाथ म्हणंल ते घ्यायचं. तुझं मत विचारायचं नाय."

अशा बोलीवर मी वाळूजला आलो. काचेच्या थंड खोलीत माझी स्थापना झाली. मी काम करू लागलो, आणि नीट काम करणाऱ्याचे होते तेच माझे झाले. लोक मला विसरले.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. प्रेस, लेथ, भट्ट्या थांबवतात, धुतात, हळदकुंकू वाहतात. पुजलेले यंत्र दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कोणी चालवत नाही. मला ही रीत आवडते. राबणाऱ्यालाही एक दिवस विसावा असावा, हे ज्याने ठरवले त्याच्या ठायी दया होती. माझी गोष्ट मात्र वेगळी. कारखाना थांबला, तरी मला थांबता येत नाही.

सुदर्शनरावांच्या मातोश्री द्वारकाबाई पूजेसाठी दरवर्षी सोयगावहून येत. प्रत्येक यंत्राला त्या स्वतः हार घालत. त्या वर्षी काचेच्या खोलीपुढे त्या थांबल्या.

"कडूबा, हे काय करतं रे?" भांडारातल्या कडूबाला त्यांनी विचारले.

"माई, समद्या कारखान्याचं ध्यानात ठेवणारं हेच हाय."

"मंग ह्याचा मान आधी!"

त्यांनी सर्व्हरच्या तोंडावर लाल वस्त्र पसरले. वर झेंडूचा हातभर जाड हार सोडला, डोळे मिटून नमस्कार केला आणि दार हलकेच लावून घेतले. त्यांच्या भक्तीत मला खोट दिसली नाही. पण ज्या जाळीवर ते वस्त्र होते, तेथूनच मी हवा घेतो. हे त्यांना कोण सांगणार? तनुजा त्या वेळी कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला होती. धोक्याचा पिवळा दिवा लागला, तोही वस्त्राखालीच.

मी तापू लागलो. आमच्या जातीला एक संयम शिकवलेला आहे: जळून जाण्यापेक्षा मंद व्हावे. मी मंद झालो.

आणि दुपारी दुचाकी बनवणाऱ्या गिऱ्हाईक कंपनीचा फोन आला. जोडणीच्या वेळी एका ब्रेक लिव्हरला तडा सापडला होता. एकाला तडा, म्हणजे भट्टीतून त्याच खेपेला निघालेल्या त्याच्या भावंडांवरही भरवसा नाही. ती भावंडे दुचाकींवर चढून दुकानांत पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्त धरून माणसे गाड्या घरी नेणार, पुढे मूल आणि मागे बायको बसवणार. कोणत्या गाड्या अडवायच्या, हे संध्याकाळच्या आत कळणे भाग होते. ते फक्त माझ्यातून कळणार होते.

तनुजाने तपासणी विभागातून प्रश्न विचारला. मी उत्तर शोधू लागलो, पण चिखलातून चालल्यासारखा. पडद्यावरची रेघ हलेना.

"हेच का तुझे चपळ हात?" सुदर्शनराव म्हणाले. "म्हणलं नव्हतं मी? लोकांच्या जिवाशी खेळ झाला ना!" आणि त्यांनी सोमनाथला फोन लावला.

तनुजाचा चेहरा उतरला. "साहेब, काल हाच क्षणात उत्तर देत होता. एका दिवसात कुणी म्हातारं होत नाय," एवढे बोलून ती धावतच काचेच्या खोलीकडे आली. फोन कानाला लावून सुदर्शनरावही मागोमाग आले. दार उघडताच माझ्या पंख्यांचा आक्रोश बाहेर पडला. तिने वस्त्राला हात घातला.

"हात लावू नको गं!" प्रसादाचे ताट घेऊन द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. "उत्तरपूजा उद्या हाय."

"राहू दे तनुजा. माईनं घातलंय," सुदर्शनराव म्हणाले. "सणासुदीला अपशकुन नको."

तनुजाचा हात जागीच थबकला. देवाधर्माला मानणारीच मुलगी ती. तिने द्वारकाबाईंकडे वळून विचारले, "माई, समई लावली अन् तिच्यावर पातेलं पालथं घातलं, तर काय होईल?"

"विझंल की. दुसरं काय व्हनार?"

"हा इथून वारा घेतो, माई. वाराच बंद झालाय त्याचा."

द्वारकाबाईंनी ताट मागे उभ्या असलेल्या कडूबाच्या हाती दिले, पदर सावरला आणि मला नमस्कार केला. हार त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवला. वस्त्र घडी करून छातीशी धरले.

"देवाला कोंडून ठिवलं, तर त्यो पावंल कसा? आन् तू गं पोरी, आधी सांगाया काय झालं व्हतं? लई शिकलेली ना तू?"

"चुकलं माई," तनुजा म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

मला हवा लागली. मी निवलो, आणि माझे काम केले. ऊन उतरण्याआधी भट्टीची ती खेप सापडली. तिच्या पेट्या सापडल्या, पेट्यांवरून गाड्या. दुकानोदुकानी फोन गेले. सोमनाथचा पुन्हा फोन आला. सुदर्शनराव त्याला म्हणाले, "राहू दे रे. दसऱ्याचा रामराम." आणि पुढे पंप घ्यायचा असो की पंखा, ते आधी तनुजाला विचारू लागले.

आता माझ्यामागून आणखी पिढ्या आल्या आहेत. एक दिवस माझी जागा कोणी दुसरा घेईल. ते न्यायाचेच आहे. निरोपाआधी विनंती एवढीच, की त्याला निवडताना आपल्या कामाकडे पाहा, शेजाऱ्याच्या दाराकडे पाहू नका. आणि ज्याची पूजा कराल, त्याला काय लागते हे आधी विचारा. न विचारता केलेली सेवा पुष्कळदा आपल्याच मनाच्या समाधानासाठी असते.

त्या दसऱ्याला अडवलेल्या गाड्यांचे लिव्हर बदलले गेले. मुहूर्त टळला, म्हणून त्यांच्या मालकांनी दुकानदारांशी कडाक्याची भांडणे केली. घरी बसून ते अजूनही त्या दुकानदारांना नावे ठेवत असतील. ठेवोत. नावे ठेवायला ते घरी पोहोचले आहेत.