मला टेबल म्हणू नका

मी दरवाजा बोलतोय. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण मध्ये पाच महिने लोक मला टेबल म्हणत होते आणि माझ्या अंगावर मफिन ठेवत होते.

लाकूड ओकचं, उचलायला दोन माणसं लागतील एवढं वजन. पहिली नोकरी अमेरिकेत, शिकागोजवळच्या एल्जिन गावातल्या एका शाळेत, मुख्याध्यापकांच्या खोलीला. मुलं आत रडायची, आणि बाहेर पडण्याआधी माझ्याजवळ क्षणभर थांबून तोंड पुसायची. बाहेर गेल्यावर पुन्हा वाघ. माणसाला चेहरा बदलायला थोडी आडोशाची जागा लागते, हे मी तिथे शिकलो.

शाळा पाडली तेव्हा चंद्रशेखरकाकांनी मला जुन्या सामानाच्या आवारातून उचललं. काका शॉमबर्ग या शिकागोच्या उपनगरात इमिग्रेशनचे वकील. व्हिसा, ग्रीन कार्ड, आईवडिलांना बोलावण्याचे कागद. एका दाताच्या दवाखान्यावर त्यांचं ऑफिस होतं. खालून ड्रिलचा आवाज यायचा, वर लोक नोकरी गेल्याचं सांगायचे. दोन्हीकडे तोंड सारखंच व्हायचं.

काकांची एक सवय होती. पक्षकार आत आला की ते स्वतः उठून मला लावायचे. माझी मूठ दाबून, आवाज न करता. मग परत खुर्चीत बसायचे आणि काहीही विचारायचे नाहीत. मिनिटभरात समोरचा आपणहून बोलायला लागायचा. ऑफिस सांभाळणाऱ्या शरयूताईंनी माझ्या खालच्या फटीला जुन्या स्वेटरची पट्टी ठोकली होती. सव्वीस वर्षांत त्या पट्टीखालून एक शब्द बाहेर गेला नाही. एवढी खात्री अमेरिकेत कोणत्याही यंत्राची कोणी देत नाही.

मग विलीनीकरण झालं. शिकागो शहरात नीलांबरी नावाच्या हुशार वकीलबाईंची फर्म होती. तिची आणि काकांची फर्म एक झाली, नवी पाटी आली, शॉमबर्गमध्येच नवी जागा आली, आणि नव्या जागेचा आराखडा करायला मेगन नावाची डिझायनर आली. तिने आठवडाभर दोन्ही फर्मच्या लोकांना रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायला लावल्या. चिठ्ठ्यांवर काय आलं कोण जाणे, पण त्यांतून जे निघालं ते तिच्या लॅपटॉपमध्ये आधीपासून होतं. कोणालाच केबिन नाही. मध्ये एक काचेची खोली. हवा खेळावी म्हणून तिची काच छताच्या हातभर खालीच थांबलेली.

"आणि दरवाजा?" शरयूताईंनी विचारलं.

"शरयूताई, आपण काही लपवतोय का?" नीलांबरी हसली.

"आपण नाही गं. येणारे लपवतात."

काकांनी आराखड्याची घडी घातली. अडुसष्टाव्या वर्षी माणूस एक तर फार बोलतो किंवा अजिबात नाही.

नीलांबरीची बाजूही सांगायला हवी. शिकागोत तिचं ऑफिस गोऱ्या लोकांच्या गर्दीत होतं. तिथे मराठीत बोललं की झालं. लिफ्टमध्ये, कॅफेत, कुठेही काहीही बोला, कोणाला कळत नाही. मराठी हीच तिची भिंत होती. त्यामुळे दरवाजा लागतो कशाला, हे तिला कधी कळलंच नाही. पण शॉमबर्गला वाट पाहणाऱ्यांच्या बाकावर नागपूर, पुणे आणि ठाणे शेजारी शेजारी बसतात, हे आराखड्यात कुठेच नव्हतं.

माझं काय झालं? मेगनला मी फार आवडलो. तिने मला आडवं केलं, चार लोखंडी पाय ठोकले, किल्लीचं भोक बुजवलं आणि बाकासमोर ठेवून "हेरिटेज टेबल" असं नाव दिलं. मूठ शरयूताईंनी गुपचूप स्वतःच्या खणात ठेवली. मीही गप्प बसलो नाही. थोडासा वाकलो. माझ्यावर ठेवलेली पेन्सिल घरंगळून पडायची आणि कप हळूहळू पाहुण्याच्या मांडीकडे सरकायचा. विरोध नोंदवायला तेवढंच हातात होतं.

जानेवारीत संग्राम आला. आयटीतला, पुण्याचा. काचेच्या खोलीत बसून इंग्रजीत अडखळत होता. नीलांबरी मायेने म्हणाली, "मराठीत बोला ना, बिनधास्त."

आणि तो बोलला. नोकरी गेली. नवी मिळाली नाही तर या देशात राहायला साठ दिवस, त्यांतले एकोणीस संपले. बायकोला सांगितलेलं नाही, तिला सातवा महिना आहे. रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि लायब्ररीत बसतो.

हे मी तुम्हाला सांगतोय, कारण तेव्हा मी टेबल होतो आणि पूर्ण बाकाने माझ्याबरोबरच ऐकलं. बाकावर महाराष्ट्र मंडळातल्या राधिकाताई होत्या, सासूबाईंच्या व्हिसाची मुदत वाढवायला आलेल्या. बाई वाईट नाहीत. त्यांचे डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनीच त्यांनी फोन काढला.

दुसऱ्या दिवशी संग्राम बायकोला घेऊन आला, पण बाहेरच्या दारातच थांबला. "मॅडम, माझी फाइल परत द्या. त्या काचेत मी येणार नाही."

त्याची बायको आश्लेषा शांत होती. भलतीच शांत. "नवऱ्याची नोकरी गेली हे मला राधिकाताईंच्या मेसेजवरून कळलं," ती म्हणाली. "'नोकरीचं कळलं, काही लागलं तर सांग गं.' पुढे हात जोडलेले तीन इमोजी."

नीलांबरी फाइल आणायला वळली. तोवर ते दोघं परत गाडीकडे गेले. चाळीस दिवस हातात, आणि आता कोणत्याही वकिलाकडे जाणार नव्हते.

काका उठले. कोट घातला, कानटोपी घातली, आणि त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत पार्किंगमध्ये गेले. संग्रामच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं. बघता बघता काचा आतून धुरकट झाल्या.

"काका गाडीत का बसलेत?" नीलांबरी खिडकीशी उभी होती.

शरयूताई स्टेपलरमध्ये पिना भरत होत्या. "दारं आहेत ना तिला. चांगली चार."

पाऊण तासाने काका परत आले, नाक लाल. "फाइल आपल्याकडेच राहील," म्हणाले. "पण सोमवारी ते येतील तेव्हा मी पुन्हा गाडीत बसणार नाही. आणि काचेतही नाही." इतक्या महिन्यांत प्रथमच त्यांनी आवाज चढवला होता.

नीलांबरी माझ्याजवळ आली. मफिनचं ताट उचललं, गुडघे टेकून माझ्या खाली वाकून पाहिलं. "शरयूताई, हा परत उभा राहील?"

उत्तरादाखल खण उघडला, आणि मूठ माझ्यावर ठण्णकन ठेवली गेली. ती मात्र घरंगळली नाही.

मेगनने शेवटचा प्रयत्न केला. माझ्या मधोमध काचेची एक पट्टी बसवू, कनेक्शन राहील, म्हणाली. नीलांबरीने तिला इंग्रजीत दोन अक्षरी उत्तर दिलं. शनिवारी सुतार आला. काचेच्या जागी छतापर्यंत भिंत उभी राहिली आणि भिंतीत मी.

आता मी जरा घासतो. पायांच्या स्क्रूची भोकं दिसतात, आणि बरोबर नजरेच्या उंचीवर कॉफीच्या कपाचा गोल डाग आहे. पुसू नका. लढाईत लागलेलं आहे ते. तुम्हीही कधी नव्या ऑफिसचा आराखडा कराल तेव्हा काचा हव्या तितक्या लावा, झाडं लावा, झोके टांगा. पण एक दरवाजा ठेवा, आणि तो उभा ठेवा.

सोमवारी संग्राम आणि आश्लेषा आले. बाकावर चार माणसं होती, चौघांनीही मान वर केली. नीलांबरी आत होती. ती स्वतः उठली आणि मूठ दाबून, आवाज न करता तिने मला लावलं. मग खुर्चीत बसली आणि काहीही विचारलं नाही.

मिनिटभराने आश्लेषा बोलायला लागली.

काय बोलली? ते विचारू नका. मी दरवाजा आहे.