इन्स्पेक्टर ब्रास्कचा चिरूट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना ॲशट्रे आहे. थांबा, थांबा, लगेच नाक मुरडू नका! माझ्या अंगाला आता कसलाही वास येत नाही. वाटलं तर जवळ येऊन बघा. निळा आहे, एका बाजूला जरा झुकलेला आहे, आणि पोटावर माझ्या कर्तीच्या अंगठ्याचा ठसा आहे. असा ठसा काचेच्या गुळगुळीत ॲशट्रेंना कुठून मिळणार?

डेन्मार्कमध्ये, स्वेनबोर्ग नावाच्या बंदराच्या गावी, शाळेतल्या मातीकामाच्या तासाला माझा जन्म झाला. त्या काळी सगळ्या वर्गाने घरच्यांसाठी ॲशट्रेच बनवायचा, अशी रीतच होती. सिसेल नावाची एक चिमुरडी मात्र हट्टाने सील, तो समुद्रातला गुबगुबीत प्राणी, करत बसली होती.

"माझ्या घरी आता कुणी ओढत नाही," ती मास्तरांना म्हणाली.

"मग पाहुणे ओढतील. कर मुकाट्याने!"

तेवढ्यात सीलचं पोट आपोआप खचलं आणि मी तयार झालो. म्हणजे मी खरं तर एक बिघडलेला सील आहे! भट्टीतून बाहेर आलो तेव्हा माझी झिलई इतकी सुंदर उतरली होती की मास्तरांनीसुद्धा मला दोनदा उलटसुलट करून पाहिलं.

सिसेलच्या आईचं नाव बोदिल. बाबा मालवाहू जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. बोदिल एका साप्ताहिकासाठी क्रमशः रहस्यकथा लिहायची. तिने मला टाइपरायटरच्या डाव्या हाताला मानाची जागा दिली. पण माझ्यात काय ठेवलं? केसातल्या पिना, खोडरबर आणि एकदा तर सिसेलचा पडलेला दुधाचा दात! मी मनातून झुरायचो. धूर म्हणजे काय असतो? राख गरम असते की गार? माणसं स्वतःच्या तोंडाला आग का लावून घेतात? मला सगळं जाणून घ्यायचं होतं.

माझं नशीब उघडलं ते एका फोनमुळे. साप्ताहिकाचे संपादक पलीकडून इतक्या मोठ्याने बोलत होते की मलाही ऐकू आलं.

"बोदिलबाई, तुमचा इन्स्पेक्टर ब्रास्क दारात येतो, उभा राहतो, प्रश्न विचारतो आणि निघून जातो. तो माणूस आहे की कोट टांगायची खुंटी?"

बोदिलने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. "बरोबर बोलतोय मेला," ती म्हणाली.

त्याच शनिवारी घरी पाहुणे आले. बोदिलची बहीण युट्टेमावशी, शेजारचे ओवेकाका, म्हणजे पूर्वीचे बोटीवरचे कप्तान, आणि गावातले पाद्रीबाबा. कॉफी झाली, केक झाला आणि तिघांनीही चिरूट काढले. हो, मावशीनेसुद्धा! आमच्याकडे बायकाही चिरूट ओढत आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. सिसेलने माझ्यातल्या पिना भराभर ओतून टाकल्या आणि मला टेबलाच्या मधोमध ठेवलं. अहाहा! त्या संध्याकाळी मला समजलं की राख आधी गरम असते आणि मग, कुणाचं लक्ष नसताना, गार होते.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मला धुवायला नेता नेता सिसेल थबकली.

"आई, हा चिरूट युट्टेमावशीचा!"

"कशावरून गं?"

"राख बघ ना. अख्खी तशीच आहे, मोडलीसुद्धा नाही. एकदा पेटवला आणि मग ती बोलतच बसली. ओढायला तोंड रिकामं कुठे होतं?"

बोदिल खळखळून हसली आणि खुर्ची ओढून बसली. "बरं, मग ओवेकाकांचा दाखव."

"त्यांचा नाहीच! अर्धा विझवतात आणि खिशात घालून नेतात. समुद्रावर लागलेली सवय असणार. पुढचा कधी मिळेल कुणास ठाऊक!"

"आणि हा इथे खाली, बाकीच्या राखेत कोंबलेला?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच ओरडल्या, "पाद्रीबाबा!" त्यांनी चिरूट सोडला, असं त्यांच्या बायकोला वाटत होतं ना!

मी थक्क झालो. धूर सगळ्यांचा सारखाच होता, राखही सारखीच. पण ओढण्याची आणि विझवण्याची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. बोदिल तर टाळ्या पिटायचीच बाकी होती. "सिसेल, अगं हेच तर हवं होतं मला! माणूस कसा आहे ते मी सांगत बसणार नाही. त्याच्या हातात चिरूट देईन आणि बघत राहीन."

आणि काय सांगू मित्रांनो, इन्स्पेक्टर ब्रास्क जिवंत झाला! तो चिरूट ओठात धरायचा, काडी पेटवायचा आणि ती चिरुटाला लावायचाच नाही. काडी बोटांपर्यंत जळत यायची, समोरचा संशयित त्या ज्योतीकडे बघत राहायचा, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन बसायचा. बँकेचा कॅशियर राख नसतानाही सारखा चिरूट झटकायचा. म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे, हे वाचकांना ब्रास्कच्या आधीच कळायचं. बेकरीत, बंदरावर, शाळेच्या मैदानात, सगळीकडे ब्रास्कच ब्रास्क! माझी छाती अशी फुगली की मला तडा जातो की काय असं वाटलं.

पण बोदिल फार कसोशीने काम करणारी. एके दिवशी ती स्वतःच चिरुटांची पेटी घेऊन आली.

"आई! तू ओढणार?"

"मी नाही गं, ब्रास्क ओढणार. लिहिताना समोर बघायला नको का, धूर कसा वर जातो ते? कामापुरतं."

सुरुवातीला खरंच तसं होतं, मी साक्षीला आहे. ब्रास्कचा चिरूट ती नुसता ठेवून द्यायची. कथेतल्या श्रीमंत विधवेचा दोन बोटांच्या टोकांवर धरायची, एकच झुरका घ्यायची आणि अलगद विझवायची. कॅशियरचा ती झटकत बसायची. जणू घरात नाटकाची तालीमच चालली होती. मला इतकी मजा वाटायची की धूर आता रोज सकाळी न्याहारीच्या आधीच सुरू होतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पिना कुठे गेल्या, खोडरबर कुठे गेलं, हेही मी विसरलो. मला घासायलाही कुणाला वेळ होईना. निळा रंग जाऊन माझा तळ काळपट झाला.

मग खोकला आला. आधी कोरडा, मग खोलवरचा. ओवेकाका कुंपणापलीकडून म्हणायचे, "बोदिल, तुमच्या घरात बोटीचा भोंगा बसवलाय का?" ती हसायची, आणि हसता हसता पुन्हा खोकायची.

सिसेल मात्र हसत नव्हती. आता ती चौदा वर्षांची झाली होती. "आजोबा असेच खोकायचे," ती एकदा पावाला लोणी लावता लावता म्हणाली.

"आजोबा खरंखुरं ओढायचे. माझी तर पात्रं ओढतात."

"पात्रांना खोकला होत नाही, आई."

सिसेलला आजोबांचे शेवटचे महिने आठवत होते. खिडकीपाशी बसून नुसता श्वास गोळा करणारे आजोबा. माझ्या जन्माआधीच ते वारले होते, पण त्यांची खुर्ची कुणीच हलवली नव्हती.

एका सकाळी सिसेल दप्तर पाठीला लावून निघाली होती. बोदिल खुशीत होती, प्रकरण पुरं झालं होतं. तिने मला सिसेलपुढे सरकवलं. "ये गं, आपला जुना खेळ खेळू! आजच्या प्रकरणात तीन माणसं आहेत. ब्रास्क, विधवा आणि कॅशियर. ओळख कुणाचा कुठला!"

सिसेलने मला वर्तमानपत्रावर उपडं केलं. थोटकं पसरली. ती एकेक उचलून बघू लागली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"तीन नाहीत," ती म्हणाली. "एकच माणूस आहे."

"वेडी आहेस का? नीट बघ."

"नीटच बघितलं. सगळी अर्ध्यावर मोडलेली, सगळी दोनदा चिरडलेली, सगळ्यांच्या टोकाला दातांच्या खुणा. एकच बाई आहे. प्रत्येक वेळी अर्ध्यावर विझवते, म्हणजे तिला सोडायचंय. लगेच पुढचा पेटवते, म्हणजे तिला जमत नाहीये." सिसेलने हातातलं थोटूक खाली ठेवलं. "ती घाबरलीय. आणि तिच्या मुलीला सांगत नाहीये."

बोदिलने वर्तमानपत्राची घडी घालून थोटकं झाकून टाकली.

"शाळेला उशीर होतोय तुला," बोदिल म्हणाली.

तेव्हा सिसेलने मला उचललं. दोन्ही हातांनी, डोक्याच्याही वर. मित्रांनो, जिने मला घडवलं तीच मला फरशीवर आपटणार होती! आणि खरं सांगू? तिचा राग मला पटत होता. पण बोदिलने उठून तिचे हात धरले.

"फोडू नकोस. इथेच राहू दे त्याला," ती म्हणाली. "पण रिकामा. रोज सकाळी मला तो रिकामा दिसला पाहिजे. आणि सिसेल... हो. मला भीती वाटते. तुझ्या आजोबांसारखंच होईल म्हणून."

दोघी तशाच उभ्या राहिल्या, मध्ये मी. त्या दिवशी सिसेल शाळेत फार उशिरा पोचली.

तुम्हाला वाटेल, संपलं सगळं. छे! खरी लढाई तर पुढे होती. बोदिल चिडचिडी झाली, टाइपरायटरवर हात आपटू लागली. हात माझ्याकडे यायचा, रिकामाच परत जायचा. एकदा तर तिने युट्टेमावशीचा चिरूट हळूच लपवून ठेवला होता, पण सिसेलला तो पिठाच्या डब्यामागे सापडला. आणि इन्स्पेक्टर ब्रास्क पुन्हा लाकडाचा झाला. संपादकांचा फोन आला. "खुंटी परत आली, बोदिलबाई!"

"मी ओढल्याशिवाय तो ओढत नाही," बोदिल हताश होऊन म्हणाली. "आणि त्याच्या हातातला चिरूट काढला की त्याचे हात मेलेच."

"तुझे मेलेत का?" सिसेल म्हणाली. "काल तू चमचा वाकवलास. परवा माझ्या स्वेटरचा धागा ओढत बसलीस आणि अर्धी बाही उसवलीस! मी तुझ्याकडे बघत असते ना, ओढत होतीस तेव्हापेक्षा तू आता जास्त कळतेस. ब्रास्कलाही चिरूट सोडायला लाव की!"

बोदिलने हातातला चमचा खाली ठेवला. मग टाइपरायटरपुढे बसली.

पुढच्या अंकात डॉक्टरांनी ब्रास्कचा चिरूट बंद केला. त्याचा हात कोटाच्या वरच्या खिशाकडे गेला, तिथे काहीच नव्हतं, आणि तो हात तसाच छातीवर राहिला. समोरच्या खुन्याला वाटलं, या माणसाचं हृदय दुखतंय. तो घाबरून उठला, ब्रास्कला पाणी द्यायला धावला, आणि ज्या घरात आपण पूर्वी पाऊलही टाकलं नाही असं सांगत होता, त्या घरातला पेला त्याने अंधाऱ्या कपाटातून न शोधता काढला! काय प्रकरण होतं ते! वाचकांनी ब्रास्कसाठी, आमच्याकडे आवडीने चघळतात त्या, खारवलेल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचे खोकेच्या खोके पाठवले. त्याला तोंडात ठेवायला काहीतरी हवं ना! ओवेकाकांनीही एक मूठ उचलली आणि, बघा हं, अर्धी खिशात घातली.

या सगळ्याला आता कितीतरी वर्षं झाली. खोकला हळूहळू मागे हटला, मग एका वसंतात तो गेलाच. आज बोदिल आजी आहे. जिना चढताना दम लागतो तिला, पण तो वयाचा. गावात आता ॲशट्रे कुठे दिसत नाहीत. माझे भाऊबंद अडगळीत गेले, फुटले, कुंड्यांखाली सरकवले गेले. मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? आम्हालाही कुणीतरी हौसेने घडवलं होतं.

पण मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला वापरा. माझी विनवणी उलटी आहे. मला ठेवा, पुसा, उन्हात चमकू द्या, पण रिकामा ठेवा. तुमच्यापैकी कुणी गोष्टी लिहीत असेल, तर पात्रांच्या हातांत खुशाल चिरूट द्या, काड्या द्या, धूर काढा हवा तितका. फक्त तो धूर कागदावरच राहू द्या. आणि घरातल्या माणसांचे हात अधूनमधून नीट बघत जा. जे तोंडाने सांगवत नाही, ते हात सांगत असतात.

आत्ताही बोदिल लिहिते आहे. एका वाक्यावर अडली आहे. तिचा डावा हात माझ्याकडे आला, बोटं माझ्या गार काठावर क्षणभर टेकली. तिने खिडकी उघडून पोटभर श्वास घेतला. आणि हात परत गेले, अक्षरांवर.