पहिला घास कोंबडीला

"पयला कोंबरीला घाल," म्हणत दामाजीनं ताट पुढं ढकललं.

मंजुळानं दात-ओठ खात कालवण-भाताचा घास अंगणात टाकला. तांबडी कोंबडी धावत आली नि टिपून मोकळी झाली. दामाजी तिच्याकडं टक लावून बसला. ती पडली नाही, मगच त्यानं बोंबलाच्या कालवणाला बोट लावलं. दोन घास जेमतेम उतरले नि पोटात ढवळायला लागलं.

"बग! काय चारतेस गं मना?"

भादव्यापासून हेच चाललं होतं. दामाजी म्हणजे दिवा गावच्या खाडीत एकट्यानं जाळं ओढणारा गडी. आता त्याचे पाय सुजले होते, डोळे पिवळेजर्द झाले होते. अंगावर मांस उरलं नव्हतं नि पोट मात्र नगाऱ्यासारखं. सकाळी हात असे कापायचे की जाळ्याची गाठ बसेना. बायकोच आपल्याला हळूहळू मारतेय, हे भूत त्याच्या मानगुटीवर बसलं ते उतरायचं नाव घेईना.

"कल्यानचा डाक्तर काय बोलला? लिवर सरलाय तुजा. दारू सोर, नायतं जाशील," मंजुळा कडाडली.

"डाक्तरला तूच शिकवलास. जेवान तुज्या हातचा, पानी तुज्या हातचा. मंग कोनावर संशय घेऊ?"

"नि ती?" तिनं उशीखालच्या गावठीच्या बाटलीकडं हात केला.

"तिला कोनाचा हात लागत नाय. मी सोता आनतो, सोता बांधतो."

ते खरंच होतं. बाटलीच्या बुचावर तो जाळ्याच्या सुतानं आपल्या हातची गाठ मारायचा. घरात तेवढी एकच वस्तू त्याच्या भरवशाची होती.

मंजुळाला रडू फुटलं. पण ती रडत बसणारी बाई नव्हे. तिनं बाटली ओढली, सूत तोडलं नि करवंटीभर दारू अंगणात ठेवली.

"सगला पारखलास ना? आता यो पन पारख. ये गो तांबरे, ये!"

रोजच्या घासांवर तांबडी चांगली गुबगुबीत झाली होती. ती तुरुतुरु आली, मान वाकवली. चोच करवंटीत जाणार तोच दामाजी धडपडत उठला नि सुजल्या पायानं त्यानं करवंटी लाथाडली.

"येडी झालीस काय? मरल ना ती!"

मंजुळानं रिकामी करवंटी उचलून त्याच्यापुढं धरली.

सांडलेली दारू मातीत जिरेपर्यंत दामाजी तसाच उभा होता. मग खाली बसला, ताट ओढलं नि कोंबडीला न घालताच पहिला घास उचलला. हात कापत होता. अर्धा भात खाली सांडला, तो तांबडीनं टिपला.