खोक्यातली नोंद

फ्लॉवरचं रोप पंचवीस दिवसांचं झालं की ते कुठल्या वाणाचं, हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. साठ दिवसांत गड्डा धरणारं आणि सव्वाशे दिवस रखडवणारं, दोन्ही जुळ्या भावांसारखी. मखमलाबादला कुसाबाईंच्या नर्सरीत शेतकरी आपापलं बी आणून द्यायचे, महिन्याभरानं रोपं घेऊन जायचे. बारा वर्षं प्रत्येक ट्रेत बांबूची कामटी खोचलेली असे, तिच्यावर रंगानं नाव. पण २००९ साली ट्रे तीन हजारांवर गेले आणि कुसाबाईंचा मुलगा समाधान म्हणाला, आता कामट्या पुरे, कॉम्प्युटर आणू. ट्रेवर नुसता नंबर. नाव, गाव, वाण सगळं आत.

आत म्हणजे कुठे, एवढाच प्रश्न उरला.

पुण्याहून टाय लावून आलेला माणूस म्हणाला, आमचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर चालतं. दरमहा भाडं द्या, तुमची नोंद आम्ही सांभाळू. इथे आग लागली, पाणी शिरलं, चोर आला, तरी तिला धक्का नाही. सांभाळता कुठे, असं कुसाबाईंनी विचारलं. त्यानं जरा आठवून सिंगापूर सांगितलं. शेजारणीला दिलेली परात परत यायला दोन महिने लागतात, आणि ही वही सिंगापूरला. त्यात मखमलाबादला दिवसातले आठ तास वीज नसायची. इन्व्हर्टर लावला तरी इंटरनेट आपल्या मर्जीनं येई. समाधानला मात्र ते पटलं होतं. त्याला शहरात, इंदिरानगरच्या आपल्या घरी बसूनही सगळं दिसलं असतं.

"भाड्याच्या घरात देव बसवत नाहीत," कुसाबाई म्हणाल्या. "आपलं खोकं आणा. डोळ्यांपुढं राहील."

खोकं आलं, म्हणजे सगळी नोंद पोटात ठेवणारा कॉम्प्युटर. दिवसरात्र चालू राहायचं, वर जाळी, आत पंखा. याची दुसरी प्रत कुठे, हे त्यांनी विचारलं होतं. समाधाननं सांगितलं, यातच, दुसऱ्या कप्प्यात. एकाच कपाटाच्या दोन खणांत दोन किल्ल्या ठेवण्यासारखं काहीतरी त्यांच्या मनाला टोचलं. पण मुलगा शिकलेला, त्यांची शाळा सातवीत सुटलेली.

खंडेनवमीला त्यांनी रीतीप्रमाणे हत्यारं पुजली. फवारणीचे पंप, कात्र्या, वजनकाटा, आणि यंदा खोकं. वरच्या जाळीवर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, तांब्यात आंब्याचं पान बुडवून तीनदा पाणी शिंपडलं. हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. वीज गेली असेल, म्हणून त्यांनी नमस्कार केला. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. कुणी लावला नाही.

दसऱ्याला समाधाननं बटण दाबलं तेव्हा करपल्याचा वास आला. कॉलेज रोडच्या मेकॅनिकनं खोकं उघडून आतून बोट फिरवलं आणि लाल झालेलं बोट नुसतं दाखवलं. मुंबईला पाठवू म्हणाला, पंधरा दिवस लागतील, आतली नोंद मिळेलच असं नाही.

रोपं पंधरा दिवस थांबत नाहीत. तिसऱ्या दिवशी गिरणाऱ्याकडच्या खंडेरावांचा टेम्पो फाटकात उभा राहिला. त्यांची विहीर डिसेंबरअखेर तळाला जाते, म्हणून ते दरसाल साठ दिवसांचंच बी देतात. कुसाबाईंना हे पाठ होतं. पश्चिमेच्या जाळीलगत दुसरी रांग त्यांची, हेही आठवत होतं. जवळजवळ. तिसऱ्या रांगेत सव्वाशे दिवसांचं होतं, की दुसऱ्या रांगेत?

समाधाननं आदल्या दिवशीच बजावलं होतं, एकाला सांगितलंस तर सगळे फिरतील, नर्सरी बंद करावी लागेल. तरी कुसाबाईंनी तोंड उघडलं.

"खंडेराव, एकदा रांग बघून घ्या हो."

"मी काय बघू? मला समदी सारखीच दिसत्यात. तुम्ही दिली म्हंजी झालं, ताई."

यापुढे बोलायला एकच वाक्य होतं, नोंद बुडाली. मागे समाधान उभा होता, समोर टेम्पोचं फाळकं उघडलेलं.

त्यांनी दुसऱ्या रांगेकडे बोट केलं.

त्या आठवड्यात सगळे ट्रे असेच बोटानं गेले. फोन वाजला की कुसाबाई समाधानला उचलायला सांगत. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, कुणाची तक्रार नाही. समाधान मोकळा हसायला लागला. मुंबईहून खोकं कोरंच परत आलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, साठ दिवस उलटल्यावर, फोन वाजला तेव्हा तो नर्सरीत नव्हता. त्यांनीच उचलला. खंडेराव खुशीत होते.

"ताई, यंदा रोप लय जोरात हाय. गुडघ्याच्या वर पाला गेलाय. बघाया या."

"आणि गड्डा?" कुसाबाईंनी विचारलं.

"धरल की. पानं फाकवून बघितली, आजून आत काय नाय. इहिरीचं पाणी तेवढं खाली जायाची घाई करतंय." ते हसले. "पन पाला असा कधी बघितला नव्हता, ताई."